माडाला बांधलेला माणूस

"पदर झटक."

मालकीण ओट्यावरून म्हणाली. भावाला अग्नी देऊन पंधरवडाही झाला नव्हता. निर्मळ गावातल्या वाडीत मी मोगरा तोडायला परत जायला लागले होते. बाकीच्या बायका टोपल्या ओतून घरी निघाल्या. मला थांबवलं. समोर मालक, त्याचा मेहुणा, दोन गडी. सगळ्यांदेखत मी पदर सोडून झटकला. एक कळीसुद्धा पडली नाही.

"चोराची बहीण आहे. हिचं रोज बघायचं."

मालकिणीचं ऐकून गडी हसले.

माझा भाऊ चोर नव्हता. रंगकाम करायचा. तेव्हा विरारला बिल्डिंगींमागून बिल्डिंगी उठत होत्या. मनवेलपाड्यात काम विचारायला भर दुपारी गेला आणि चुकीच्या मजल्यावरचं दार वाजवलं. कुणीतरी चोर चोर ओरडलं. सगळी बिल्डिंग खाली उतरली. शिकलेली, नोकरीवाली माणसं. बॅटने मारला, पाइपने मारला. चौकीतला साहेब म्हणाला, "गर्दी होती. नाव सांगणारं कुणी आहे?" कुणी नव्हतं.

आई अंथरुणाला लागली. चूल माझ्यावर. म्हणून मी रोज पदर झटकत राहिले. रडू यायचंच नाही. फक्त कुणाला तरी मारावंसं वाटायचं. कुणालाही.

एका सकाळी वाडीत आरडाओरडा झाला. केळीचा घड कापताना एक माणूस सापडला होता. पन्नाशीचा असेल. त्याला माडाला बांधला. पहिली काठी मालकाने घातली, मग मेहुण्याने, मग गड्यांनी. त्याच्या तोंडातून रक्त आलं. मालकाने घाम पुसला आणि मला हाक मारली.

"ये गं. तुमच्यासारखाच पाड्यावरचा आहे. घाल दोन. कळू दे तू कुणाच्या बाजूची."

काठी हातात दिली. खरं सांगते, हात शिवशिवत होता. मी काठी उचलली. त्याने डोळे मिटले, मान खांद्यांत ओढून घेतली. बाजूला बायका उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. गप्प. त्या बिल्डिंगीतही अशाच उभ्या असणार. गॅलरीत. माझा भाऊ मरेपर्यंत.

मी काठी फेकून दिली.

"सोडा त्याला."

"काय म्हणालीस?"

"सोडा म्हटलं. नायतर आधी मला मारा."

मालकाने मारलं. कानाखाली, मग पाठीत. मी त्या माणसासमोरून हलले नाही. तेवढ्यात आमच्याबरोबर फुलं तोडणारी एक म्हातारी पुढे आली. तिने दोर सोडला. तो लंगडत पळाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

काम सुटलं. मी तशीच चौकीत गेले. मालकाचं नाव सांगितलं, मेहुण्याचं सांगितलं. साहेब लिहीना. मी उठेना. शेवटी लिहिलं त्याने.

घरी आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आपला पोर मारला तवा कोन आला? तू परक्यासाठी मार खाल्लास."

मी चूल पेटवायला घेतली. दुःख तसूभरही हललं नाही. भावाला मारणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण माझ्यादेखत कुणाला बांधलंत, तर मी मधे येणार. डाव्या कानाने तेव्हापासून ऐकू येत नाही. उजवा शाबूत आहे.