शेवाळ आणि शंभर पाण्यांचं तूप

बंगळूरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि चिकपेटच्या आमच्या घरात मला 'शेवाळवाली' म्हणत. आमचे सर भाताच्या खाचरांसाठी निळं-हिरवं शेवाळ वाढवत; त्याच्या बाटल्या सांभाळणं माझ्याकडे. एकदा के. आर. पुरमच्या तळ्यावर माझ्या मनगटाला सुरवंट घासला. नुसती आग झाली. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून बाटलीतलं शेवाळ थापलं, तर घरी पोचेपर्यंत सूज उतरलेली. मला लगेच अक्काचे हात आठवले.

अक्का माझी थोरली बहीण. भावोजींची नोकरी फिरतीची, म्हणून ती आमच्याकडेच राही. दोन वर्षं तिचे हात लाल, सुजलेले आणि भेगाळलेले होते. हे स्पर्शानं पसरत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी चैत्राच्या हळदीकुंकवाला शेजारच्या कन्नड बाईंनी हसत हसत तिच्या हातातून करंडा घेतला आणि आपलं कुंकू आपणच लावलं. मग सगळ्याजणींनी तेच केलं. अक्का आत गेली ती शेवटची बाई जाईपर्यंत बाहेर आली नाही. मला इतका संताप आला की त्या बाईंशी मी बोलणंच टाकलं.

सरांना विचारलं. शेवाळाच्या काही जाती विषारी असतात, ही आपली तशी नाही, तरी आधी पंधरा दिवस स्वतःच्या हाताला लावून बघ, असं त्यांनी बजावलं. डॉक्टर हसले, पण नको म्हणाले नाहीत. माझ्या हाताला काही झालं नाही. मी मोठ्या ऐटीत चार बाटल्या घरी आणून गच्चीत ठेवल्या आणि सरांबरोबर तीन दिवस गावोगावची खाचरं बघायला गेले.

परत आले तर बाटल्या लख्ख धुऊन पालथ्या घातलेल्या.

"काचेला कुणाकुणाचे हात लागलेले," आई कौतुकानं सांगू लागली. "औषध ना ते? तांब्याच्या घंगाळात ओतून ठेवलंय. तांब्यात सगळं शुद्ध होतंय बघ."

घंगाळात पिवळा गाळ होता. तळ्यातलं शेवाळ मारायला लोक मोरचूद टाकतात, तोही तांब्याचाच. पण हे मी आईला कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी, आणि ओरडले मी तिच्यावर.

"सोड की गं," अक्का म्हणाली. "माझे हात असेच. सरी."

ते कानडी 'सरी', म्हणजे 'ठीक आहे, असू दे', मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी आईनं हळूच विचारलं, "परत वाढतंय का ते?"

कॉलेजात एक बाटली उरली होती. तिच्यातून पुन्हा पुरेसं वाढायला दोन महिने लागले. तोवर आईनं भेगांवर लावायचं तूप धुवायला घेतलं. शंभर वेळा पाणी घालायचं, फेटायचं, पाणी ओतून टाकायचं. हे तूप तांब्याच्या परातीत धुण्याची आमच्याकडची रीत. आईनं परात माळ्यावर टाकली आणि दगडी पाळं घेतलं. तूप लोण्यासारखं पांढरं झालं. त्यात मी वाळवलेल्या शेवाळाची पूड खलली.

"तळ्यात हात घातल्यासारखा वास येतोय," अक्का म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

आधी एका बोटाला लावलं, मग हळूहळू दोन्ही हातांना. महिन्याभरात सूज ओसरली, भेगा मिटत आल्या. डाग राहिले. गुण शेवाळाचा, तुपाचा, की आई रोज ते हात मांडीवर घेऊन बसे त्याचा, असं सरांनी विचारलं.

चैत्र आला. शेजारच्या बाई आल्या तेव्हा अक्कानं करंडाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. त्या अक्काच्या हातांकडे बघत राहिल्या आणि मग कपाळ पुढे करून म्हणाल्या, "तुम्हीच लावा, अक्का."

अक्कानं घाईनं चिमूट भरून उचलली, तसं कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. त्यांनी ते पुसलं नाही. वर्षभरानं मी त्यांच्याशी बोलले. "पन्हं देऊ?" एवढंच विचारलं.