साडूची बाटली

छापखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. त्याचं काम लेबलं तपासून कापण्याचं. सॉस, शाम्पू, खोकल्याचं औषध, जॅम, ज्याला म्हणून बाटली किंवा बरणी असते त्या प्रत्येकाचं लेबल त्याच्या टेबलावरून जायचं. लाल रंग निळ्यापासून केसभर सरकला तरी त्याला दिसे, आणि दिसलं की गठ्ठा परत. मालकसुद्धा त्याच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडत नसे. चोवीस वर्षं हे केल्यावर माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. कुणाचा फोटो भिंतीवर तिरका, कुणाच्या शर्टाची कॉलर एका बाजूला खाली, कुणाचा टेबलक्लॉथ दोन बोटं जास्त लोंबतोय, एवढंच त्याला जगात दिसायचं. बायको पूर्वी यावर चिडायची. आता ती पाहुणे यायच्या आधी मुकाट्याने टेबलक्लॉथ ओढून सारखा करी.

आता त्याच्या पोटदुखीकडे वळू. पोटदुखीचं नाव साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो फर्निचरच्या शोरूममध्ये सोफे विकायचा. माणूस जिभेवर साखर ठेवून बोलणारा. त्याच्या तोंडून ऐकलं की साधा लाकडी बाकसुद्धा विकत घ्यावासा वाटे. महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही घरं दुपारचं एकत्र जेवत, एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी साडू एका रविवारी रेड वाइनची बाटली घेऊन आला आणि मिलिमीटरच्या घरातली शांतता गेली.

बाटली आणायची त्याची पद्धत ठरलेली होती. गळ्याला पांढराशुभ्र रुमाल घट्ट गुंडाळलेला, बूच आधीच काढून पुन्हा अर्धं बसवलेलं. तो सांगे, हिला दोन तास आधी श्वास घेऊ द्यावा लागतो. ओळखीच्या एका छोट्या मळ्यातून येते, दुकानात मिळत नाही. मग ग्लास गोल फिरवायचा, त्यात नाक घालायचं, डोळे मिटायचे. आणि हे सगळं झालं की ग्लास मिलिमीटरच्या बायकोपुढे धरायचा.

"तू सांग. तुझ्या जिभेला काय लागतं?"

ती आधी लाजायची. मग एक घोट घेऊन थांबायची आणि म्हणायची, आधी काळ्या द्राक्षाच्या सालीसारखं लागतं, मग ओल्या लाकडासारखं, आणि गिळल्यावर जरासं मिरपुडीसारखं. साडू मान डोलवायचा. तिच्या गालांवर रंग चढायचा. समोर बसलेल्या नवऱ्याला मात्र त्या ग्लासात फक्त वाइन लागायची.

एकदा त्याने निदान आपल्या हक्काच्या जागी पाय रोवून पाहिला. बाटलीवरचं लेबल दोन मिलिमीटर तिरकं आहे आणि खाली फुगवटाही आलाय, असं त्याने सांगितलं. आपल्या छापखान्यात असा माल दारातून बाहेर जात नाही, हेही जोडलं. साडू हसला. म्हणाला, छोटा मळा आहे ना, तिथे लेबलं हाताने चिकटवतात, तीच तर खूण. झालं. म्हणजे तिरकेपणाचंही कौतुक. ज्या एका गोष्टीसाठी मिलिमीटर पगार घेत होता, तिचीही त्या माणसाने दोन वाक्यांत माती केली.

पण खरा काटा वेगळाच होता. त्या दिवशी भांडी आवरताना बायको सहज बोलून गेली, "भाऊजींना कळतं रे." बस, एवढंच. वाईट हेतू काही नव्हता. पण बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल ती कुणालाही सांगताना म्हणे, "त्याला दिसतं." त्याला दिसतं आणि भाऊजींना कळतं. या दोन शब्दांमधलं अंतर मोजायला त्याच्याकडे पट्टी नव्हती. तो रात्री कूस बदलत राही, छापखान्यात कापताना पुटपुटत राही. जळफळाट म्हणतात तो हाच, आणि त्याला तो नाकारायची इच्छाही नव्हती. बायकोच्या तोंडून तो एक शब्द आपल्यासाठी निघाला पाहिजे, एकदा तरी, आणि साडूसमोर. याखेरीज त्याला आयुष्याकडून सध्या काही नको होतं.

मग दर शनिवारी, छापखाना अर्ध्या दिवसाने सुटला की, तो सुपरमार्केटात जाऊ लागला. मागच्या भिंतीला लागून रेड वाइनच्या पाच फळ्या होत्या. पहिल्या शनिवारी तो त्यांच्यासमोर शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा उभा राहिला. शेवटी त्याने त्याला जमेल तशी निवड केली. चार रंगांची छपाई, सोनेरी वर्ख, उठावाची अक्षरं, कडा अशा कापलेल्या की हात जोडावेत. इतकं निर्दोष लेबल त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं. आतली वाइन इतकी आंबट निघाली की त्याने ती छापखान्याच्या मागच्या मोरीत ओतली.

पुढच्या शनिवारी सोनेरी पदकं चिकटवलेली बाटली घ्यायला त्याने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. असली पदकं त्याच्याच टेबलावर रोलच्या रोल येत. कुणी किती जिंकली हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्याची ही घालमेल फळ्यांवर माल लावणारी बाई तीन आठवडे बघत होती. चौथ्या आठवड्यात तिला राहवलं नाही. तिने त्याला खाली वाकायला लावलं. म्हणाली, डोळ्यांच्या उंचीवर दुकानाला विकायचा असतो तो माल असतो, तुम्ही तळाची फळी बघा. बूच असलं की भारी आणि फिरवायचं झाकण असलं की हलकी, हेही डोक्यातून काढा. लेबलावर 'कोरडी' असं वाचून तो अडला होता. ओली वस्तू कोरडी कशी, असं त्याने विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, गोडवा उरलेला नसतो, एवढाच अर्थ. आणि उन्हाळ्यात रेडसुद्धा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, गरम झाली की नुसता अल्कोहोल नाकात जातो. शेवटचं त्याने ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. बाकी सगळं त्याने लेबलांच्या रद्दीच्या मागे लिहून खिशात ठेवलं.

पंधरा शनिवार गेले. सगळे सुटल्यावर तो कापायच्या टेबलाशी एकटा बसे, चहाच्या कपात दोन बोटं ओते, घोट घेई आणि काय लागतं ते लिहू पाही. बहुतेक वेळा 'बरी' किंवा 'नको' यापुढे पेन जात नसे. पण हळूहळू एक बाटली वेगळी ठरली. तळाच्या फळीवरची, फिरवायच्या झाकणाची, लेबलावर लहानशी निळी होडी. होडीचा निळा रंग रेषेबाहेर सांडलेला, म्हणजे छपाई तिसऱ्या दर्जाची. तरी ती घशाखाली सरळ उतरे आणि मागे काहीतरी छान ठेवून जाई. लेबल वाईट असूनही आपल्याला आवडलेली ही पहिली वस्तू, हे लक्षात येऊन त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. आता येऊ दे साडूला, असं तो मनात म्हणाला.

तो रविवार त्यांच्याच घरचा होता. ऊन मी म्हणत होतं. ओव्हनमध्ये कोंबडी आणि बटाटे भाजत होते, स्वयंपाकघराची भट्टी झाली होती. त्याने निळी होडी सकाळीच ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. फ्रिजची आठवण त्याला झाली, नाही असं नाही. पण फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी सुटतं, कागद फुगतो, कडा उचलतात. साडूसमोर फुगलेलं लेबल? ते त्याच्याच्याने झालं नसतं. बाटली ओव्हनशेजारी कोरडी ठणठणीत उभी राहिली.

साडू आला तो नेहमीसारखा, रुमाल गुंडाळलेली बाटली गार पिशवीतून काढत. मिलिमीटरने त्याला बसूही दिलं नाही. आज आमच्याकडचीही आहे, असं म्हणत त्याने निळी होडी टेबलावर ठेवली. साडूचा चेहरा क्षणभर उतरला. नेहमी घडाघडा बोलणारा माणूस, तो होडीकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बरी असते म्हणतात ही." एवढंच. तोंडात मारल्यासारखं झालं मिलिमीटरला. किती तो तोरा, नीट तुच्छतेचं वाक्यही बोलवत नाही याला.

मग दोन्ही ओतल्या गेल्या. मिलिमीटरने खिशातला कागद काढून झाकण आणि बूच यावर, कोरडी म्हणजे काय यावर, तळाच्या फळीवर, असं बरंच सांगितलं. मेव्हणीने जांभई दाबली. सगळ्यांनी आधी त्याची चाखली. कोमट, जड, नाकात चढणारी. मग साडूची, गार. साडूने आज ग्लास फिरवला नाही की डोळे मिटले नाहीत. बायकोला मात्र सवयीने विचारलं, काय लागतं म्हणून.

"दोन्हींत खूपच फरक आहे," बायको म्हणाली. "भाऊजींची मोकळी लागते. आपली जरा डोक्यात जाते."

मिलिमीटर हसला. हसण्यावाचून दुसरं काय करणार, पाहुणे बसले होते. पण त्याला साडूचा गळा दिसत होता, घोट गिळताना वर-खाली होणारा, आणि त्या गळ्याबद्दल त्याच्या मनात जे आलं ते इथे न लिहिलेलंच बरं. साडू तसा लवकरच उठला. काहीतरी काम आठवलं म्हणाला. दरवेळी रिकामी बाटली परत नेणारा, मी जमवतो म्हणणारा माणूस, आज घाईत ती टेबलावरच विसरला.

बायकोने उरलेली निळी होडी फ्रिजमध्ये टाकली आणि दोघी बहिणी फाटकापर्यंत बोलत गेल्या. मिलिमीटर भांडी घासायला लागला. साडूच्या बाटलीवरचं लेबल आजही तिरकंच होतं. निदान ते तरी काढून टाकू, या विचाराने त्याने बाटली कोमट पाण्यात बुडवली. रुमाल सुटला. गळ्याला आटे होते. बुचाच्या बाटलीला आटे कशाला असतील, हा विचार पुरा व्हायच्या आत लेबल घसरून त्याच्या हातात आलं. त्याच्या मागे शाळकरी मुलं वापरतात तो गोंद होता. आणि बाटलीवर, जिथे तो फुगवटा असायचा तिथे, एक लहानशी होडी होती. निळा रंग रेषेबाहेर सांडलेला.

तो ओले हात तसेच ठेवून उभा राहिला. छोटा मळा, हाताने चिकटवलेली लेबलं, दोन तासांचा श्वास! दोन वर्षं तळाच्या फळीवरची बाटली बायकोला पाजत होता लेकाचा, आणि कळणारा म्हणून मिरवत होता. अंगावर मूठभर मांस चढलं मिलिमीटरच्या. त्याने गोंदाचं लेबल तळहातावर नीट सपाट केलं. बायको आत आली तशी तो म्हणाला, "इकडे ये, तुला एक दाखवायचंय."

"काय दिसलं आता तुला?" ती दमून म्हणाली. पुसायचं फडकं तिच्या हातात होतं. "थांब, आधी माझं ऐक. पंधरा शनिवार तू छापखान्यात बसून पितोस, वासाने कळतं मला. म्हटलं, शिकतोय, शिकू दे. आज बाटली आणलीस, मला बरं वाटलं. पण तू कागद वाचून दाखवलास. भाऊजी बढाया मारतात, ते काय मला समजत नाही? पण ते मला विचारतात. तू एकदा तरी विचारलंस, तुला कशी लागली म्हणून?"

त्याने मूठ मिटली. लेबल आत चुरगळलं. आयुष्यात त्याने एकही लेबल चुरगळलं नव्हतं. ते त्याने ओल्या हातानेच खिशात कोंबलं, तिच्याकडे पाठ करून फ्रिज उघडला, निळी होडी काढली. आता ती गार झाली होती आणि बाहेर येताच तिच्या कागदावर पाणी सुटलं. त्याने पाठमोऱ्यानेच स्वच्छ ग्लासात दोन बोटं ओतली, बाटली आड ठेवली आणि ग्लास तिच्यापुढे धरला.

"कशी लागते तुला?"

तिने त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं. घोट घेतला, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. द्राक्षाची साल, ती म्हणाली. ओलं लाकूड. मग तिने डोळे उघडले.

"ही भाऊजींची आहे. उरली होती का?"

"नाही. ही आपली. सकाळी ओट्यावर होती ती."

तिने आणखी एक घोट घेतला. "मग दोन्ही एकच आहेत," ती म्हणाली. "आपली तेव्हा नुसती तापली होती."

लेबल न बघता, गळ्याचे आटे न बघता, समोर उभ्या नवऱ्याच्या खिशात काय आहे हे माहीत नसताना तिने ते ओळखलं होतं. त्याला त्याच गोष्टीसाठी चोवीस वर्षांची नजर आणि कोमट पाण्याची बादली लागली होती.

"तुला कळतं," तो म्हणाला.

दोन वर्षं स्वतःसाठी जपून ठेवलेला शब्द असा हातचा निघून गेला. तिच्या गालांवर तोच रंग चढला, आणि या वेळी समोर साडू नव्हता. तिने ग्लास पुन्हा पुढे केला. ओतताना मिलिमीटरला पोटात ती ओळखीची कळ जाणवली, जुनी, चांगली धारदार. हेवाच होता तो, शंका नाही. फक्त आता तो बायकोचा वाटत होता.