फणसाखालचे दोन घाव

माझं लग्न झालं तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि आमचा मालवणाकडचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता. सासर कट्टा गावापासून तासाभराच्या चालीवर. नवरा मुंबईला नोकरीला, तो गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. एरवी घरात आम्ही तिघंच: सासू, सासरे आणि मी.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, आणि त्यांची मला फार भीती वाटायची. अंगाने ते किडकिडीत होते, पण राग आला की हातात येईल ती वस्तू फेकायचे, नाहीतर तिनेच मारायचे. जोताला अडलेल्या बैलाच्या नाकातून रक्त येईपर्यंत त्यांनी वेसण ओढलेली मी पाहिली आहे. मला त्यांनी कधी हात लावला नाही. लावायचे तो सासूला.

लग्नानंतर महिन्याभराने सासूने मला पाठ चोळायला न्हाणीत बोलावलं. तिचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आत-बाहेर असेल. पाठीवर, दंडावर, कानामागे वण होते. माझा हात थांबलेला तिला कळला. ती वळली नाही. म्हणाली, "ह्यो खांद्यावरचो काठयेचो. तेच्यात पू झालेलो. दगडी पालो चेचून बांधलंय, आठ दिसांनी सुकलो. आणि खालचो कालथ्याचो, भाजलेलो. तेका चुन्याची निवळ आणि खोबरेल फेटून लावलंय." भाजीत काय काय घातलं ते सांगावं तसं ती सांगत होती. "चोळ गो, थांबलंस कित्या?"

तिची विद्या अशी आली होती. माहेरून थोडीफार आणली होती, उरलेली स्वतःच्या अंगावर शिकली. पुढे वाडीतली माणसं तिच्याकडे यायला लागली. कोणाला कोयती लागलेली, कोणी माडावरून घसरून छाती सोलवटून घेतलेली, कोणाच्या पायात नांगराचा फाळ गेलेला. ती आधी पाणी उकळायची, त्यात मीठ टाकायची, आणि निवलं की जखम अशी धुवायची की माणूस ओरडायचा. मग हळद. बारीक कापलेलं असेल तर कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं चिकटवायची. मोठं असेल तर दगडी पाल्याचा रस पिळायची आणि जुन्या लुगड्याची उकळून वाळवलेली चिंधी बांधायची. माती आणि शेण मात्र जखमेजवळ येऊ द्यायची नाही. का, ते तिला सांगता यायचं नाही. एकदा एका बाळंतिणीच्या पोराच्या नाळेला शेणाची राख लावलेली, ते पोर आकडी येऊन मेलेलं तिने पाहिलं होतं, एवढंच.

आमच्या घराला लागून मामंजींच्या चुलतभावाचं घर होतं; माझा तो काका, त्याची बायको काकी. तो वयाने लहान, म्हणून मामंजींना दादा म्हणायचा आणि सासूला वयनी. म्हणायचा म्हणजे पूर्वी. दोन्ही घरांमधल्या बांधावर, मेरेवर, एक फणस होता, कापा जातीचा आणि मधासारखा गोड. तो कोणाच्या वाटणीतला यावरून दोघांचं बोलणं तुटून सहा वर्षं झाली होती. बायकांनीही बोलायचं नाही असा मामंजींचा हुकूम होता.

वैशाखातली सकाळ होती. पेज शिजायला ठेवून मी आणि सासू घरापुढच्या खळ्यात रातांबे फोडून कोकमाची सोलं वाळत घालत होतो. मेरेवरून आवाज चढलेले ऐकू आले.

"उतर! खाली उतर आधी!" हे मामंजी.

"माज्या बापाशीन लावलेलो फणस. तू कोण विचारणारो?" हा काका. तो बुंध्यावर हातभर चढून पिकलेला फणस आकड्याने ओढत होता.

आम्ही धावत गेलो तोवर फणस खाली आपटून फुटला होता आणि काकाही खाली उतरला होता. दोघांनी एकमेकांची मानगूट धरली होती. मामंजींनी कमरेची कोयती काढली. काकाने ती मुठीपाशी धरली. ओढाओढीत मामंजींचा हात पात्यावर घसरला आणि अंगठ्याच्या मुळाशी कापलं. स्वतःचं रक्त बघितलं आणि ते वेडेच झाले. कोयती सोडवून त्यांनी वरून खाली वार केला. काकाने डोकं वाचवायला हात वर केला आणि वार कोपराच्या खाली बसला. नारळ फोडताना होतो तसा आवाज झाला. मांस दोन बाजूंना झालं आणि आत पांढरं काहीतरी दिसलं. मग रक्ताने ते झाकलं.

काकी किंचाळत आली. मामंजी पुन्हा कोयती उचलत होते. सासू मध्ये शिरली. तिने त्यांना दोन्ही हातांनी छातीत असं ढकललं की ते फुटलेल्या फणसाच्या गऱ्यांत पाठीवर पडले. तिने त्यांना ढकललेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनीही नसावं. ते तसेच पडून तिच्याकडे बघत राहिले.

"सुने, उकळलेला पाणी घेवन ये. मीठ घाल. आणि माजा जुना लुगडा!"

मी धावले. परत आले तेव्हा तिने स्वतःचा पदर फाडून काकाचा दंड करकचून आवळला होता आणि घावावर दोन्ही तळवे दाबून ती त्याच्या अंगावर जवळजवळ बसली होती. काकी गोठ्याकडून ओंजळभर शेण घेऊन आली. सासूने कोपराने तिच्या हाताला असा फटका मारला की शेण लांब उडालं.

"शेण घातलंस तर मरात तो! बाजूक हो!"

"वयनी," काका दात आवळून म्हणाला, "माजो हात गेलो काय?"

"गप रव. बोलू नको."

तिने मीठपाणी ओतलं तेव्हा तो गुरासारखा ओरडला आणि त्याची शुद्ध गेली. मग हळद, चिंधीची जाड घडी, वरून घट्ट पट्टी. ती काकीला म्हणाली, "ह्या माज्या हातातला नाय. हाडापर्यंत गेलाहा. गाडी जुंपा, कट्ट्याक जावन मोटार धरा आणि मालवणाक हॉस्पिटलात न्या. आताच." वाडीतल्या दोघांनी बैलगाडी जुंपली. गाडी वळणाआड गेली, तेव्हा ती उठली.

मामंजी खळ्यात येऊन बसले होते. अंगठ्यातून रक्त गळत होतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर बसली. "हात दाखवा."

त्यांनी तांब्याला लाथ मारली. "त्येच्या रगताचे हात माका लावू नको. आधी तेच्याकडे धावलंस ना? जा, तेचीच सेवा कर."

तिने दुसरा तांब्या आणला. "बारीक आसा, पण खोल आसा. धुवक होया."

या वेळी त्यांनी तिच्या तोंडावर मारलं, त्याच रक्ताळलेल्या हाताने. तिचा ओठ फुटला. ती उठली, तिसऱ्यांदा पाणी घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी ठेवून म्हणाली, "माका लावूक देवचा नसात तर सुनेक सांगा. नायतर तुमीच धुवा."

ते उठून गोठ्यात गेले. तिथलं ताजं शेण त्यांनी जखमेत भरलं आणि केळीच्या सोपटाने हात बांधला. आमच्याकडे बघत बघत बांधला.

दुपारी फौजदार आला. त्याच्यासमोर सासूने पुस्तकी मराठीत, अडखळत सांगितलं, "यांनी मारलं. मी पाहिलं." मामंजींना चौकीवर नेलं आणि दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. घरी आल्यावर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मारलंही नाही. मला वाटलं, हे मारापेक्षा वाईट आहे.

आठव्या दिवशी मी पेज वाढली तर त्यांना तोंड उघडेना. दाढ दुखते म्हणाले. संध्याकाळी मान वळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून कळशी निसटून दगडावर आपटली. त्या आवाजाने त्यांचं सगळं अंग ताठ झालं, पाठ कमानीसारखी वर उचलली, टाचा आणि डोकं तेवढं जमिनीला. दात आवळलेले, त्यांतून फेस. डोळे मात्र पूर्ण जागे. ते डोळे सासूवर होते.

तिने त्यांचं डोकं धरलं. "ह्योच तो," म्हणाली, "त्या पोराक झालेलो, ह्योच."

त्यांना मालवणला नेलं. वाटेत गाडीच्या प्रत्येक धक्क्याला अंग तसंच ताणायचं. डॉक्टरांनी हात सोडून पाहिला. अंगठ्याखाली काळपट झालेली, बोटाच्या पेराएवढी जखम. धनुर्वात, म्हणाले. सुई दिली, पण उशीर झाला असंही सांगितलं.

काका त्याच हॉस्पिटलात होता. हात गळ्यात अडकवलेला, दोन बोटं हलत नव्हती, पण घाव भरत होता. भावाला आणल्याचं कळलं तेव्हा तो आमच्या खाटेपाशी आला आणि उभा राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार, थुंकणार. तेवढ्यात बाहेर कोणीतरी दार आपटलं आणि मामंजींना झटका आला. अंग खाटेवरून खाली जाऊ लागलं. मी आणि सासू धरत होतो, पण धरवेना. काका खाली बसला आणि आपल्या चांगल्या हाताने त्याने त्यांचे दोन्ही पाय छातीशी आवळून धरले.

"दादा, मी आसंय. दादा, सोडीत नाय मी तुका."

असं तो दीड दिवस धरत राहिला. प्रत्येक झटक्याला त्याच्या टाक्यांतून रक्त यायचं आणि नर्स त्याला ओरडायची. तिसऱ्या झटक्यानंतर केव्हातरी मामंजींच्या बरगडीचा कट् असा आवाज मी ऐकला. दुसऱ्या दुपारी एका झटक्यात त्यांचा श्वास अडकला तो परत आलाच नाही. मेल्यावरही जबडा उघडला नाही. तोंडात पाणी घालता आलं नाही म्हणून सासूने ओठांवरून बोट फिरवलं.

त्यावरून दोन्ही घरं एक झाली म्हणावं तर तसंही झालं नाही. नवरा मुंबईहून आला. तेरावं केलं, आणि चौदाव्या दिवशी त्याने तो फणस मुळापासून तोडला. काका आपल्या खळ्यात उभा राहून बघत होता. त्याने एवढंच म्हटलं, "बापाशीन लावलेलो," आणि आत गेला.

एकदा भात निवडताना मी सासूला विचारलं, "आये, तुमी आधी मामंजींचो हात बघितला असतास तर?"

ती निवडत राहिली. खडा बाजूला टाकून म्हणाली, "तेंचो घाव ल्हान होतो. मोठो आधी बघतत." मग म्हणाली, "तीनदा इचारलंय. चौथ्यांदा माज्या मनातसून येवक नाय. ता माका ठावक आसा." आणि सूप उचलून ती आत गेली. त्या आठ दिवसांत तिने पुन्हा विचारलं नव्हतं हे मलाही ठाऊक होतं. मीही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना दुखू दे थोडं.

वाडीतली माणसं येत राहिली. तिची हळद, मीठपाणी, पाला चालूच होतं, पण पट्टी बांधून झाली की ती माणसाला सोडायची नाही. कट्ट्याच्या दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घे म्हणायची. लोक कंटाळायचे. एक लाकूडतोड्या म्हणाला, "एवढ्याश्या घावाक सुई कित्या? तू बांधलंस ना?" तिने त्याच्या चांगल्या हाताला धरलं आणि भर उन्हात, अनवाणी, त्याला ओढत कट्ट्यापर्यंत नेलं. दवाखान्याच्या दारात तो हात सोडवायला लागला तेव्हा तिने त्याच्या मुस्काटात मारली. त्याने सुई घेतली. हे तोच मला नंतर सांगत होता.