हातावर येऊन बसणारे पक्षी

हायडेलबर्गला रविवारी पाऊस असला की मी लेकीला विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात नेतो. फुकट आहे आणि गर्दी नसते. तिथे एकदा एक म्हातारे निवृत्त संशोधक भेटले. नाव मी विचारलं नाही. बोलताना त्यांचा उजवा तळहात सारखा उताणा पुढे यायचा, जणू कुणाला दाणे घालताहेत.

त्यांनी कपाटाचा एक खण ओढला. आत शेजारशेजारच्या बेटांवरचे करडे पक्षी ओळीने निजवलेले होते, डोळ्यांच्या जागी कापूस. "बेट बदललं की चोच बदलते," ते म्हणाले. "जीव बदलत जातात, हे माणसाला अशाच बेटांवर सुचलं."

"पकडले कसे?" लेकीनं जर्मनमध्ये विचारलं.

"पकडावे लागले नाहीत. हातावर येऊन बसायचे. माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता." मग अंगठा आणि दोन बोटं त्यांनी हळूच जवळ आणली. "छाती अशी दाबायची. श्वास थांबतो, पण पिसं खराब होत नाहीत."

"आता तिथे किती उरलेत?" मी विचारलं.

"एकही नाही. माझ्या मागून मांजरं आली, उंदीर आले. भ्यायला शिकायला पिढ्या जातात. तेवढा वेळ त्यांना कुणी दिला नाही. मीही नाही."



निघताना लेकीनं, तिच्या बालवाडीत शिकवतात तसा, निरोपाचा हात मिळवायला पुढे केला. त्या उघड्या, इवल्या तळहाताकडे ते बघत राहिले. मग त्यांनी आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.