वर्षा वर आली

शुद्ध आली तेव्हा वर्षाला वाटलं, संगीत अजून चालूच आहे आणि आपलीच मोजणी चुकली. पाच, सहा, सात असं पुटपुटत ती उठायला गेली, तर पाठीखाली पाणी नव्हतं, ओली फरशी होती. तोंडाजवळ हेतवीचा चेहरा. पांढराफटक, पाणी निथळणारा.

"वर्षा! सांभळे छे? ऐकतेस ना? इकडे बघ. माझ्याकडे बघ ना!"

"काय झालं?"

"काय झालं म्हणून मला काय विचारतेस?" हेतवी एकदम रडायलाच लागली. "तू खालीच राहिलीस. तुझे पाय बघितले, तर नुसतेच तरंगत होते."

सकाळचं कोवळं ऊन तलावाच्या पत्र्यावर आलं होतं. कोच फाल्गुनीबेन अजून यायच्या होत्या आणि जीवरक्षक चहा प्यायला फाटकापाशी गेला होता. कोच नसताना पाण्यात उतरायचं नाही हा नियम दोघींना पाठ होता, पण संगीताच्या तालावर जोडीने पोहण्याची राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती. शेवटचा भाग बसत नव्हता, म्हणून त्या रोज अर्धा तास आधी येऊन चोरून सराव करायच्या.

हा शेवटचा भागच सगळ्यांत कठीण होता. दोघींनी एकाच वेळी खाली डोकं, वर पाय करून पाण्यात उलटं उभं राहायचं, गिरक्या घ्यायच्या, पाय फाकायचे, मिटायचे, पुन्हा गिरकी. तेवढा वेळ श्वास नाही. वरून बघणाऱ्याला चार पाय एकाच माणसाचे वाटले पाहिजेत. तळाला पाय लावायचा नाही, कठड्याला हात लावायचा नाही, आणि वर आल्यावर धाप लागलेली दिसता कामा नये, हसायचं.

वर्षा उठून बसली. खोकला आला, थोडं पाणी पडलं. मग तिने हेतवीचा हात धरला.

"बेनला सांगायचं नाही."

हेतवीने डोळे पुसले. तिलाही स्पर्धेसाठी अहमदाबादला जायचं होतंच. पहिल्या येणाऱ्या जोडीला आशियाई स्पर्धेच्या शिबिराचं बोलावणं येणार होतं, आणि या वेळी सुरतची जोडी पहिली येईल असं सगळेच बोलत होते.

"नाही सांगत," ती शेवटी म्हणाली. "पण तू आज पाण्यात परत उतरायचं नाहीस."

वर्षाचं घर सुरतच्या गोडादऱ्यात. बाप उखा उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवायचा. आई सुंदरा घरीच साड्यांवर खडे चिकटवायची. दोघं लग्नानंतर धुळ्याकडून आले ते इथलेच झाले. पोहण्याशी त्या घराचा संबंध आला तो पुरामुळे. तापी शहरात शिरली त्या वर्षी ते वेड रोडला भाड्याच्या खोलीत राहत होते. वर्षा तेव्हा पाच वर्षांची. सगळी चाळ गच्चीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सुंदराचा धाकटा भाऊ लेकरांसाठी दूध बघतो म्हणून छातीभर पाण्यात उतरला. वळणापर्यंत तो दिसत होता. त्यानंतर दिसला नाही.

पाणी ओसरलं, घर बदललं. पुढच्याच उन्हाळ्यात सुंदराने पोरीचा हात धरला आणि तिला महानगरपालिकेच्या तलावावर नेऊन उभं केलं. "हिले पोहाले शिकाडा," एवढंच ती म्हणाली. ती स्वतः तलावाच्या जाळीपलीकडे उभी राहायची. पाण्याजवळ यायची तिची हिंमत नव्हती, पण एकही दिवस चुकवला नाही.

पोरगी पाण्यात माशासारखी निघाली. अकराव्या वर्षी फाल्गुनीबेनच्या नजरेत भरली. बेन कधीकाळी स्वतः राज्याकडून पोहलेल्या, आवाज खणखणीत, मनाने हळव्या. "वेगात पोहणाऱ्या मला खूप मिळतात," त्या सुंदराला म्हणाल्या, "पण हिला ताल आहे. हिला मला द्या." सुंदराला पाण्यातला नाच म्हणजे काय ते कळलं नाही. पोरगी बुडणार नाही ना, तेवढंच तिने विचारलं.

मग दहा-अकरा वर्षं गेली. केसांना जिलेटिन फासून ते दगडासारखे बसवायचे, पाण्याखालच्या स्पीकरचा घुमणारा आवाज पोटात झेलायचा, रवी घुसळावी तसे पाय घुसळत कमरेपर्यंत पाण्याबाहेर उभं राहायचं, हे सगळं वर्षाच्या अंगात मुरलं. पोशाखावरचे खडे सुंदराच लावायची. वराछ्याची हेतवी चौदाव्या वर्षी जोडीला आली. तिचे वडील हिऱ्याच्या कारखान्यात होते. दोघींची उंची सारखी, पायही सारखे. भांडणंही रोजची. पाण्यात मात्र एकीने मान वळवली की दुसरीची आपोआप वळायची.

तर त्या सकाळी दोघी गप्प राहिल्या. पण दुपारी वर्षा जेवायला बसली आणि सुंदराचं लक्ष तिच्या दंडाकडे गेलं. तिथे बोटांचे चार निळे वळ उठले होते.

"तुना हातले काय व्हयनं?"

"काही नाही. सरावात लागलं."

"हाई लागेल नई शे. कोणी धरं व्हतं तुले?"

वर्षाने ताट जवळ ओढलं. सुंदरा समोर येऊन बसली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर वर्षाने काहीतरी थाप मारली असती. पण आई नुसतीच बघत बसली, तेव्हा वर्षाने सांगून टाकलं.

सुंदराने तिचा दंड हातात धरला. मग म्हणाली, "मी तुले पोहाले कसाले धाडं व्हतं? बुडाले?"

"माय, एकदाच झालं ते."

"मना भाऊबी एकदाच गया."

त्याच संध्याकाळी सुंदरा तिला घेऊन बेनच्या घरी गेली. बेन आधी संतापल्या, मग घाबरल्या. हेतवीलाही बोलावून घेऊन दोघींना त्यांनी असं झापलं की हेतवीची मान वर होईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शरीरात दोष काही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "खाली जाण्याआधी तुम्ही भराभर श्वास घेता, त्याने हवा कमी पडल्याची जाणीव उशिरा येते. कधी येतच नाही. छान वाटायला लागतं, हलकं वाटतं, आणि माणूस जातो. छान वाटायला लागलं की समजा, वेळ संपली."

बेन म्हणाल्या, शेवटचा भाग छोटा करू. पण आता या खेळात कोणती हालचाल करणार ते आधी लिहून द्यावं लागतं आणि कठीण हालचालींवर गुण ठरतात. भाग छोटा केला तर पहिला नंबर गेल्यातच जमा होता. हेतवी म्हणाली, "वर्षा म्हणेल तसं." ती तसं म्हणाली खरी, पण तिचे डोळे काय म्हणत होते ते वर्षाला दिसत होतं. बेन काळजीत होत्या, पण त्याही आग्रह धरीनात.

"जमेल मला," वर्षा म्हणाली.

भराभर श्वास घेणं बंद झालं. प्रत्येक सरावाला बेन अंगातल्या कपड्यांनिशी कठड्यावर पाय पाण्यात सोडून बसायच्या. भाग बसत गेला. पुन्हा तसं काही झालं नाही. पण खाली डोकं केलं की दर वेळी वर्षाच्या मनात येई, आत्ता छान वाटतंय का? मग पायाची एखादी हालचाल केसभर मागे पडे आणि वरून बेनची शिट्टी वाजे.

घरी सुंदराने अडवलं नाही, याचंच वर्षाला नवल वाटे. उखा म्हणाला होता, "जाऊ दे ना तिले, इतलं शिकनी." सुंदरा खडे चिकटवता चिकटवता एवढंच बोलली, "मी बी येसू अहमदाबादले. आनि देख, दम खुटना का वर यी जाय. मंग काय व्हई ते होऊ दे. शब्द दे."

वर्षाने शब्द दिला. द्यायला सोपा होता. तसं काही होणार नाही अशी तिने मनाची समजूत घातली होती.

अहमदाबादच्या तलावाचं पाणी गार होतं. त्यांच्या आधीची जोडी चांगली पोहली, पण एक गिरकी चुकली. बेन कानात म्हणाल्या, "लिहून दिलंय तेवढं सगळं केलंत तरी पहिल्या येता." हेतवीने वर्षाची बोटं दाबली. दोघी हसऱ्या चेहऱ्याने चालत काठापर्यंत गेल्या. प्रेक्षकांत वरच्या रांगेत सुंदरा बसली होती, पदर मुठीत गच्च धरून. आयुष्यात पहिल्यांदा ती तलावाच्या आवारात आली होती.

संगीत सुरू झालं आणि सगळं लागलं. उड्या, हात, पहिली गिरकी, दुसरी. वर्षाला हेतवीकडे बघावंही लागत नव्हतं. मधल्या भागाला टाळ्या पडल्या. शेवटचा भाग आला. श्वास घेतला, एकच, आणि दोघी उलट्या झाल्या.

एक गिरकी. पाय फाकले. मिटले. छाती जळायला लागली. जळणं ओळखीचं होतं, ते वर्षाला हवंही होतं. दुसरी गिरकी. छाती अजून जळत होती.

आणि मग जळणं थांबलं.

कानात मंद घूं असा आवाज आला. पाणी कोमट वाटायला लागलं. पाय आपोआप चालत होते, मुळीच जड नव्हते, आणि असंच इथे राहावं, घाई कशाची, असा विचार आला. शेवटची गिरकी बाकी होती. फार तर तीन-चार सेकंद. शेजारी हेतवीचा अंबाडा, तिचा घट्ट मिटलेला जबडा दिसत होता. वर्षा ते बघत होती आणि तिला छान वाटत होतं.

छान वाटतंय.

तिने पाय खाली ओढले, हात मारला आणि वर आली. तोंड उघडून घेतलेला श्वास भसाड्या आवाजात सगळ्या तलावाला ऐकू गेला. तिच्या बाजूला हेतवीचे दोन पाय एकटेच पाण्याबाहेर गिरकी घेत होते. अचूक, सुंदर.

सगळा तलाव चिडीचूप झाला. तेवढ्यात वरच्या रांगेतून टाळ्या आल्या. एकाच माणसाच्या. सुंदरा उभी राहून टाळ्या वाजवत होती.

हेतवी वर आली, बाजूला बघितलं आणि तिला कळलं. तरी दोघींनी हातांच्या उरलेल्या हालचाली पूर्ण केल्या, हसून. त्या संपूर्ण भागाचे गुण जवळजवळ शून्यावर आले. जोडी सातवी आली.

कपडे बदलायच्या खोलीत हेतवी भिंतीकडे तोंड करून उभी होती. "चार सेकंद," ती म्हणाली. "मी होते ना शेजारी? बेन होत्या. बुडाली असतीस तर आम्ही काढलं नसतं का?"

वर्षा केसांतलं जिलेटिन काढत राहिली. तिलाही हाच प्रश्न पडला होता.

"आणि तुझी मम्मी टाळ्या वाजवत होती!"

गाडीत वर्षा आईवर उखडली. "टाळ्या कसाले वाजाड्या तू? सगळे हसत होते!"

"तू वर उनी म्हनीसन," सुंदरा म्हणाली. यात रागावण्यासारखं काय, हे तिला खरोखरच कळलं नव्हतं. वर्षाने तोंड खिडकीकडे वळवलं. भरूच गेलं, अंकलेश्वर गेलं, सुरत आलं, तरी ती आईशी बोलली नाही.

पुढे महिना-दीड महिना ती तलावाकडे फिरकली नाही. हेतवीने बडोद्याची एक मुलगी जोडीला घेतली. ते वर्षाला दुसऱ्यांकडून कळलं आणि ते ऐकून तिला जेवण गेलं नाही. बेन घरी आल्या तेव्हा ती आईबरोबर साडीवर खडे चिकटवत बसली होती. बेननी हात धरून उठवलं. "एकटीचं पोहून बघ. एकटीच्या कार्यक्रमात किती वेळ खाली राहायचं ते तू ठरव, मी त्याप्रमाणे बसवते."

एकटीचं पोहणं तिला आवडलं नाही. शेजारचं पाणी रिकामं वाटायचं. पण पुढच्या वर्षी तिने त्यात कांस्य मिळवलं, आणि सकाळी लहान मुलींचा वर्गही ती घेऊ लागली. पाण्याखाली कोण किती टिकतं याची पैज लागली की ती त्या मुलींवर एवढी ओरडायची की पालक बघत राहायचे.

बडोद्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि हेतवी एकटी पडली. एका दुपारी ती तलावावर आली. कठड्यावर बसली, पाय पाण्यात सोडले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "पोहशील माझ्याबरोबर?"

"शेवटचा भाग तोडायचा. दोनदा वर यायचं."

"मग गुण कुठून आणणार?"

"उड्या आहेत. हात आहेत. ते कठीण करू."

"तू घाबरतेस."

"हो."

हेतवी भांडायच्या तयारीने आली होती. "हो" ऐकून तिला पुढचं सुचेना. तरी त्या दोघी तासभर भांडल्याच. बेन दारातून ऐकत होत्या, मध्ये पडल्या नाहीत. शेवटी हेतवीने चपला बाजूला सारल्या आणि तशीच सलवार-कमीजमध्ये पाण्यात उतरली. "दाखव, दोनदा कशी येतेस वर."

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत दोघींना रौप्य मिळालं. शिबिराचं बोलावणं या वेळी दोन जोड्यांना आलं, त्यात त्या होत्या. परदेशात आशियाई स्पर्धेला जाऊन त्या खालून चौथ्या आल्या. सुंदराने ते उखाच्या मोबाइलवर बघितलं.

अहमदाबादच्या त्या दिवसाचा विषय अजून निघतो. हेतवी म्हणते, चार सेकंद दम धरला असता तर निभावून निघालं असतं. वर्षा वाद घालत नाही. निघालं असतंही. ती नाक बंद करायची क्लिप लावते आणि म्हणते, "चल, पहिल्यापासून."