उपाशी गोधडी

सगुणाबाईंना कुणी ‘आता बसून खा’ म्हटलं की त्या भडकतात. पुण्याजवळच्या भुकूम गावचं त्यांचं शेत गेलं, तिथं इमारती उभ्या राहिल्या, उरलेल्या जागेत मुलानं खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. घरात काही कमी नाही. तरी बाई रोज सकाळी डबा घेऊन आमच्या गोधड्यांच्या शेडमध्ये हजर. मी एकदा विचारलंच, कशाला एवढी दगदग? तर म्हणाल्या, “भाडं खोल्या कमावत्यात. मी काय कमावते?”

मी पौडची निलोफर. शेडमध्ये तयार माल तपासून खोक्यांत भरणं हे माझं काम. मालकीण दिशाताई पुण्याच्या. आमच्या बायका जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या हातानं शिवतात आणि त्या जर्मनीतल्या एका दुकानात जातात. दुकान चालवणारी बाई भारी कडक. एक टाका ओघळला तरी फोटो पाठवते. आमचं गिऱ्हाईक म्हणजे ती एकटीच. ती रुसली की शेडला कुलूप.

आता घासाचं सांगते. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चपातीचा एक घास ठेवायचा, गुळाचा खडा लावून. गोधडी उपाशी शिवली तर तिच्यात ऊब येत नाही, असं जुन्या बायका म्हणतात. सगुणाबाईंच्या घरात ही रीत, आणि पौडला माझी अम्मीही तेच करायची. शेडमध्ये सगुणाबाई प्रत्येक गोधडीला आपल्या डब्यातला घास भरवायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलासुद्धा. आत सुई राहिली नाही ना हे बघायला आमचा माल यंत्रातून जातो. यंत्राला सुई कळते, चपाती कळत नाही.

मग तो फोटो आला. जर्मनीत कुणाच्या तरी गोधडीतून किडे निघाले होते. कोपरा उसवला तर आत काळा पडलेला तुकडा. दिशाताई फोन नाचवत शेडमध्ये शिरल्या.

“हे कुणी केलं?”

सगुणाबाई उठल्या. “मी. सगळ्या गोधड्यांत हाय.”

“सगळ्या?” दिशाताईंनी दाराकडं बघितलं. नव्या मालाची खोकी दाराशी रचून तयार होती. मग त्यांनीच वाट काढली. हा माल उसवून साफ करायचा. आणि जर्मनीला कळवायचं की ती कडुनिंबाच्या पाल्याची पुडी होती, कीड लागू नये म्हणून ठेवलेली, नेमकी त्या एकाच गोधडीत खराब झाली. “तिकडं असल्या गोष्टी आवडतात, मावशी. नैसर्गिक म्हणून खपून जाईल.”

“आन् बाकीच्यांत किडं झाल्यावर काय सांगनार? त्येबी नैसर्गिक हायेत म्हनून?”

मला हसू फुटलं, ते मी खोक्यामागं लपवलं.

“ऑर्डर गेली तर सगळ्या घरी बसाल,” दिशाताई म्हणाल्या.

“बसू. ताई, मी बंगल्यांवर दुधाचा रतीब घातलाय. एकदा म्हशीनं कसलातरी पाला खाल्ला, दुधाला वास आला. मी दारात हुबी राहूनच सांगितलं, आज घिऊ नका. एकानंबी रतीब तोडला न्हाई. आपल्या पोरांच्या पेल्यात काय पडतंय, ह्ये गिऱ्हाइकाला आपन आदी सांगायचं. त्याला उशिरा कळलं तर त्ये परत दार उघडत न्हाई. मला बोलू द्या तिच्याशी.”

संध्याकाळी फोनवर त्या बाईचा चेहरा दिसला. सगुणाबाई मराठीत बोलत होत्या, दिशाताई इंग्रजी करत होत्या, आणि मी शेजारी कान देऊन उभी होते. ताईंनी एक शब्द गाळला असता तर मी गप्प बसले नसते.

“माझी चूक झाली. इतक्या लांबच्या वाटंत चपाती टिकत न्हाई, ह्ये मला कळाया पायजे व्हतं. आदीच्या सगळ्या गोधड्यांत घास हाय, त्या माघारी बोलवा. पन घान म्हनून न्हाई टाकला. भरवला व्हता.”

ती बाई हसली नाही. “माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी तान्ही बाळं आहेत,” एवढंच म्हणाली. जुना माल ती परत मागवणार होती. नवा माल बघितल्याशिवाय पुढच्या ऑर्डरचं नाव काढायचं नाही, असंही तिनं बजावलं.

आम्ही उसवायला बसलो. स्वतःच्या हातांनी भरवलेला एकेक घास बाहेर काढताना सगुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला त्या जर्मन बाईचा भयंकर राग आला. पण तिचं तरी काय चुकलं होतं?

माल पोचला आणि तिचा निरोप आला: गोधड्या स्वच्छ आहेत. शेडमधली ही प्रथा पूर्ण बंद झाल्याचं कळवा, मग ऑर्डर देते. दिशाताई खुशीत लिहायला लागल्या, ‘प्रथा पूर्ण बंद...’

“थांबा! बंद कुटं झालीय?” सगुणाबाई कडाडल्या. “कोपरा शिवून झाला की मी उंबऱ्याबाहेर जाते आन् गोधडीच्या वाटचा घास मी खाते. हात धुते, मगच आत येते. त्येच लिवा.”

“मावशी, एका घासापायी ऑर्डर घालवाल. आणि डॉक्टरांनी तुम्हाला गूळ बंद केलाय ना?”

“डाक्टरला सांगा, गोधडी खातीय. आन् तिला सांगा, गोधडीत काय जावं ह्ये तिनं ठरवावं, तिचा हक्क हाय. माज्या डब्यातला घास मी कुनाच्या नावानं खावा, ह्ये तिनं न्हाई ठरवायचं.”

दिशाताईंनी कपाळाला हात लावला. मग लिहिलेलं खोडलं, बाईंनी सांगितलं तसं लिहिलं आणि पाठवून दिलं. त्या दिवशी शेडमध्ये कुणाचा टाका सरळ पडला नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ऑर्डर होती! खाली नेहमीच्या अटी होत्या: टाका, अस्तर, सुईची तपासणी. सगळ्यांत शेवटी एक नवी: घास उंबऱ्याबाहेरच खावा आणि हात धुऊन आत यावं. मी ती मुद्दाम दोनदा वाचली.

“अट घातली म्हंजी मान्य केलं,” म्हणत सगुणाबाई डबा घेऊन उठल्या. उंबऱ्याबाहेर जाऊन टेकल्या आणि तिथून मला हाक मारली.

“निलोफर, ये गं. आज दोन गोधड्या झाल्यात. एकीचा तू खा.”