मावशीच्या गाण्यातला थांबा

गाण्याच्या मंडळींत सगळे त्याला 'मीटर' म्हणायचे. नाव पाडलं ढोलवालीनं. "ह्याच्या अंगात रक्त नाही, ठोके फिरतात," असं तिचं म्हणणं. कुणी चहाला जरा जास्त वेळ लावला, की हा लगेच घड्याळाकडे बघायचा. घरात डिप्लोमा झालेला तो पहिलाच. भाड्यानं स्पीकर देणाऱ्या दुकानात जळक्या वायरी जोडत तो वर आला होता आणि आता ह्या मंडळींचा आवाज सांभाळत होता. डोंगरातल्या मेंढपाळांची बासरी, नदीकाठचा ढोल, कामकरी बायकांची गाणी असं सगळं एकत्र आणून मंडळी नव्या रचना बांधत आणि लोकांसमोर वाजवत.

त्यात मावशीला आणलं ते त्यानंच.

आई गेल्यापासून मावशीनंच त्याला वाढवलं. तिचं उभं आयुष्य दोरखंडाच्या शेडमध्ये गेलं. कमरेला काथ्याची झोळी बांधायची आणि बोटांतून काथ्या सोडत मागं मागं चालत जायचं. पलीकडच्या टोकाला दुसरी बाई चाक फिरवून पीळ द्यायची. चालता चालता गाणं. एक कडवं संपलं की थांबायचं, दोराला हिसका द्यायचा आणि पलीकडून उलटा हिसका आला की पुढचं कडवं उचलायचं. पलीकडची बाई कधी चटकन ओढायची, कधी धागा तुटलेला असला तर बराच वेळ लागायचा. तोवर गाणं गप्प. शेड केव्हाच बंद पडली, पण मावशी घरात भांडी घासताना गायची तेव्हाही तिथं थांबायचीच.

मीटरनं खिडक्यांना गोधड्या लावून तिच्याच खोलीत ते गाणं रेकॉर्ड केलं. मग कॉम्प्युटरवर त्याच्याखाली ठोका लावला आणि डोक्याला हात लावून बसला. थांबे कुठल्याच मापात बसेनात. ढोल एकीकडे, मावशी दुसरीकडे. शेवटी त्यानं सगळे थांबे कापून सारखे केले. रचना कशी झकास चालायला लागली. मंडळींचा म्होरक्या असलेल्या बासरीवाल्यानं त्याची पाठ थोपटली.

मावशीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "बाई गाते बरी, पण हिच्यामागं कुत्रं लागलंय का?"

सगळे हसले. मीटरही हसला. तालमीत असं ठरलं, की कडवं कधी उचलायचं ते बासरीवाल्यानं मानेनं खुणावायचं. तालमीत ते जमलंही.

कार्यक्रमाला मात्र समोरून दिव्यांचा असा झोत आला, की मावशीला बासरीवाला दिसेचना. पहिलं कडवं तिनं असं म्हटलं, की सभागृह चिडीचूप झालं. मग ती थांबली. खुणेची वाट बघत थांबली. मीटर सभागृहाच्या मागच्या टोकाला आवाजाच्या मशीनवर बसला होता. ढोल पुढं निघाला, मावशी उभीच. एका हातानं त्यानं तिचा माईक बंद केला, दुसऱ्यानं घरी रेकॉर्ड करून थांबे कापलेला तिचाच आवाज वर घेतला. अडीअडचणीला असावा म्हणून तो त्यानं कुणाला न सांगता तयार ठेवला होता.

कुणाला काही कळलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मंडळींनाही वाटलं, मावशीनं बाजी मारली. मीटरला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याला आठवलं, की तिनं मध्येच गायला तोंड उघडलं होतं, मिटलं होतं आणि शेवटपर्यंत तिचे ओठ हलत होते. परतीच्या गाडीत मावशीनं आपला पुष्पगुच्छ ड्रायव्हरला देऊन टाकला. म्हणाली, "तुझ्या बायकोला दे."

त्यानंतर त्याला जेवण गोड लागेना. मोठ्या सभागृहात दुसरा कार्यक्रम ठरला आणि मावशीनं निरोप धाडला, गुडघा दुखतो. मंडळींनी मीटरलाच तिची समजूत काढायला पाठवलं.

मावशी मांडी घालून शेंगा सोलत बसली होती.

"गुडघा दुखतोय ना?" त्यानं विचारलं.

"दुसऱ्या पायाचा."

"मांडी तर दोन्ही पायांची घातलीयेस."

"वकील झालास का रे?" तिनं शेंगांचं ताट त्याच्याकडे सरकवलं. "सोल. मी यायची नाही. माझं डोकं आता चालत नाही. कडवं कधी उचलायचं तेच कळलं नाही मला. मी उचलायला गेले तर वर माझाच आवाज गातोय. मग काय करणार? नुसते ओठ हलवले. लोक टाळ्या वाजवतायत आणि मी आपली खोटी उभी. नंतर पोरी येऊन पाया पडल्या, तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली. ह्या वयात लोकांना फसवलं रे मी."

मीटरच्या हातातली शेंग तशीच राहिली. इतके दिवस तो आपल्याच लाजेत बुडून होता. तिच्याही मानेवर एक ओझं बसलंय आणि ते आपणच ठेवलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. मावशी म्हातारी झाली, असंच सगळे म्हणाले असते.

"तू चुकली नव्हतीस," तो म्हणाला. "थांबे मी कापले. आणि तुझा माईकही मीच बंद केला."

मावशी सोलायची थांबली.

"मी गात असताना?"

"तू उचलायच्या आधी. नंतर तू उचललंस, ते मला दिसलं. तरी उघडला नाही."

"हात थरथरला नाही तुझा?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. "तेव्हा नाही."

लहानपणी चूक केली की ती पाठीत धपाटा घालायची आणि विषय संपायचा. आज धपाटा आला नाही.

"फोन लाव," ती म्हणाली. "त्या बासरीवाल्याला. मी येईन, पण थांबे माझे राहतील. ढोलवाली माझ्यासाठी थांबेल. आणि त्या मशीनवर तू बसायचं नाहीस. दुसरा कुणी बसव."

"मावशी, ते माझं कामच आहे."

"माहितीये. लाव."

त्यानं फोन लावला. बासरीवाल्याला थांब्यांचं सांगितलं, ताल मोकळा ठेवावा लागेल म्हणून सांगितलं. मशीनवर दुसरं माणूस बघा, असंही म्हणाला. पलीकडून "का रे बाबा, काय झालं?" आलं, तसा तो चाचरला. "काही नाही, त्या दिवशी जरा तांत्रिक घोटाळा..."

"नीट सांग," मावशी ताटाकडे बघतच म्हणाली. "माझा आवाज बंद केलास, ते राहिलं."

मीटरनं घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.